टेंगळ्याची वाढ

कामावरून घरी आली की ताई आधी मासा मोजायची, मग हातपाय धुवायची.

समोरच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती. टाकीच्या पुढच्या काचेवर तिने बाहेरून एक पारदर्शक पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर नेलपॉलिशचे बारीक लाल ठिपके दिले होते, मुंग्यांची रांग चालली आहे असे. टाकीवरचा दिवा लावायचा, गुडघे टेकून बसायचं, एक डोळा मिटायचा. मासा मागच्या कोपऱ्यात, आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीच्या तोंडाशी थांबलेला असायचा. त्याचं तोंड पहिल्या ठिपक्याशी जुळवायचं आणि शेपूट कुठल्या ठिपक्यावर येते ते बघायचं.

शेपूट जिथल्या तिथं. मागच्या महिन्यात तिथं, त्याच्या मागच्या महिन्यातही तिथंच.

"खातो कुठं बिचारा," ती काचेला म्हणायची, आणि तिची नजर आपोआप स्वयंपाकघराकडे वळायची. तिथं वहिनी असायची.

घरात वहिनी आली त्याच महिन्यात मासाही आला. वहिनीला भावाने आणलं, माशाला ताईने. आईवडील गेल्यापासून त्या घरात दोघंच होती, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. भाऊ इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना सोडवणं हा त्याचा धंदा, आणि लग्न झाल्यापासून घरात तो स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला. बहिणीचं ऐकायचं तरी पंचाईत, बायकोचं ऐकायचं तरी पंचाईत. मग तो हातातला पाना पुसत बसायचा.

मासा आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. अंगावर काळेनिळे पट्टे, पाठीवरचा पर फणीसारखा. दुकानदाराने सांगितलं होतं की ही जात सिक्लिड नावाच्या माशांमधली, मोठी होते, आणि मोठी झाली की कपाळावर टेंगूळ येतं, मोठा विचार करणाऱ्या माणसासारखं. ताईला ते इतकं आवडलं की तिने टेंगूळ यायच्या आधीच त्याचं नाव टेंगळ्या ठेवून टाकलं. पहिलं वर्ष टेंगळ्या पुढच्या काचेला नाक लावून असायचा आणि ठिपक्यामागून ठिपका ओलांडत चालला होता. मग तो मागे सरकला, आणि वाढ खुंटली. कपाळ सपाट ते सपाटच. पाहुणे विचारायचे, टेंगळ्या का म्हणता याला? ताई म्हणायची, येईल, येईल.

वाढ खुंटली ती कुंडी आल्यापासून, हे ताईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुंडी वहिनीने ठेवली होती. एके दिवशी ताई घरी आली तर टाकीच्या मागच्या कोपऱ्यात कुंडी आडवी पडलेली आणि मासा तिच्यात. वहिनी म्हणाली, मिक्सर लावला की तो दचकतो, त्याला लपायला जागा हवी. ताई मनात म्हणाली, लपायला जागा कुणाला हवी असते? ज्याचं काही लपवायचं असतं त्याला.

वहिनी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दिवसभर डोळ्यांसमोर कागद, हातात लाल पेन. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर हिचं पोट, असं ताई दुकानातल्या मालकांना सांगायची, मग स्वतःच्या कशा झाकायच्या हे हिला शिकवायला नको. मालक हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत, समोरच्या गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावायचे.

दोघींचं ठरलेलं होतं. सकाळी ताईने खायला घालायचं, दुपारी वहिनीने. खाणं डब्यातलंच, दुसरं काही नाही, हा ताईचा हुकूम. एके दिवशी ताईने डब्याच्या आत, दाणे जिथवर होते तिथं पेन्सिलीने रेघ ओढली. सकाळचं खाणं स्वतः मोजून काढलं. आठवड्याने बघितलं तर डबा उतरला होता तो तिच्या चिमटींएवढाच. दुपारच्या चिमटींचा पत्ता नव्हता.

ताईने डबा बंद केला आणि झाकणावर तळहात ठेवून उभी राहिली. रागाच्या आत कुठंतरी तिला बरं वाटलं. इतके दिवस नुसता वास येत होता, आता धूर दिसला होता.

मग तिच्या डोक्यात काय काय येऊ लागलं. हा तोच मासा कशावरून? पहिला मेला असेल, आणि वहिनीने गुपचूप तसाच दुसरा, लहानसा, आणून सोडला असेल, म्हणून वाढ दिसत नाही. एका रविवारी तिने अर्धी सकाळ घालवून टेंगळ्याचे पट्टे मोजले. पट्टे भरले तेवढेच. शेपटीजवळचा तुटका पट्टाही जागच्या जागी. मासा तोच होता. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती मनातून खट्टूच झाली.

त्याच सुमारास घरच्या फोनवर एक घरांचा दलाल बोलला. वहिनी आहेत का, त्यांनी दोन खोल्यांचं घर बघायला सांगितलं होतं. ताईने वहिनी बाहेर गेली आहे म्हणून सांगितलं. वहिनी आतच होती. फोन ठेवला तेव्हा ताईला दिसलं, सगळं घर एका बाजूला कलतंय, आणि दुसऱ्या बाजूला आपण एकट्या, एक ताट, एक पेला आणि एक न वाढणारा मासा. दलालाचं ती कुणालाच बोलली नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तराचीच तिला भीती होती.

मासा देऊन टाकायची गोष्ट भावाने काढली, जेवताना, मान खाली घालून. तो म्हणाला, त्याची वाढ होत नाही, तूही रोज त्रास करून घेतेस, कुणाकडे मोठी टाकी असेल तर बघूया का. आवाज त्याचा होता, पण शब्द त्याचे नव्हते. ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनी पाणी पीत होती. भरपूर वेळ पीत होती.

आणि चार दिवसांत सुतार आला. ओट्याखालच्या कपाटाचं दार खाली आलं होतं हे खरं, पण ते वर्षभर खाली आलेलं होतं. सुतार जाडजूड, बोलका, कानावर पेन्सिल. दाराला बिजागरी बसवून झाल्यावर तो सरळ टाकीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, अरे वा, आमच्या घरचेच पाहुणे. त्याच्याकडे भिंतीएवढी टाकी होती आणि तिच्यात याच जातीचे बरेच मासे. ही जात घाई करत नाही म्हणाला, वर्षानुवर्षं घेते. आणि एकटी खुश नसते, चारचौघांत राहणारी आहे. तुम्हाला द्यायचा झाला तर मी नेईन, त्याचं भलं होईल.

ताई सगळं ऐकत होती आणि एकच विचार करत होती. मासा द्यायचाय हे याला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी आली. दार हळूच उघडलं. चपला हातात घेतल्या. आतून वहिनीचा आवाज येत होता, बोलणं नव्हे, गाणंही नव्हे, जात्यावर बसलेल्या बाईने स्वतःपुरतं गुणगुणावं तसा:

हळूहळू वाढ राजा, तुला कशाची रे घाई,
काचेपल्याडची माणसं, त्यांना उसंत ती नाही.

ताईने दाराच्या फटीतून पाहिलं. वहिनी टाकीपाशी वाकली होती, तिच्या अंगाने टाकी झाकली होती. डाव्या हातात लहान वाटी होती. उजव्या हाताने वाटीतलं काहीतरी चिमटीत धरून ती पाण्यात सोडत होती. डबा फळीवर होता, झाकण घट्ट.

ताई तशीच मागे फिरली. जिना उतरताना तिला आठवलं की चपला हातातच आहेत. दुकानात जाऊन ती संध्याकाळपर्यंत काचा घासत बसली. मालक म्हणाले, डोकं दुखायचं थांबलं वाटतं. ती म्हणाली, हो, थांबलं. वाटीत काय असेल याचे तिच्या मनात कितीतरी जबाब तयार झाले, पण एकही चांगला नव्हता.

रविवारी सुतार झाकणाचा मोठा टब घेऊन आला. ताईने त्याला भावाकरवी निरोप दिला होता, या, पण मी अजून काही ठरवलेलं नाही. ठरवायच्या आधी तिला सगळ्यांसमोर एक गोष्ट दाखवायची होती. तिने टाकीवरचा दिवा लावला, गुडघे टेकले, आणि भावाला बोलावलं, सुताराला बोलावलं. बघा म्हणाली. हे तोंड, ही शेपूट, हा ठिपका. वर्षभर मासा या ठिपक्याच्या पुढे गेलेला नाही. टेंगळ्या मागच्या कोपऱ्यात कुंडीच्या तोंडाशी आडवा थांबला होता.

भाऊ वाकला, बघितलं, मान हलवली.

"आता का नाही गेला ते हिला विचार," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "डब्यातलं दुपारचं खाणं एक दिवस कमी होत नाही. मी रेघ मारून ठेवली आहे. आणि वाटीतून काय घालतेस गं त्याला? मी डोळ्यांनी बघितलंय, भर दुपारी. मासा मरत नाही म्हणून राहिलाय, नाहीतर तू त्याला केव्हाच घालवला असतास."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. भाऊ म्हणाला, ताई, असं काय.

वहिनी दारात उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली. फ्रीजचं दार वाजलं, मग सुरीचा टकटक आवाज. ती बाहेर आली तेव्हा हातात तीच लहान वाटी होती. तिने वाटी ताईच्या नाकाखाली धरली. कोळंबीचे बारीक बारीक तुकडे होते.

"डब्यातलं तो थुंकून टाकतो," वहिनी म्हणाली. "तुम्ही दुसरं काही द्यायचं नाही म्हणाला होतात, म्हणून सांगितलं नाही. हे माझं चुकलं. आता तो दिवा बंद करा आणि जरा मागे व्हा."

का, असं ताई विचारणार होती.

"तुम्ही बाहेरून येता, भसकन दिवा लावता आणि तोंड काचेला लावता. तो घाबरतो, ताई."

भावानेच दिवा बंद केला. खिडकीतून येणारा उजेड पाण्यात मऊ पसरला. वहिनीने बाही सारली आणि पुढच्या काचेला लागून हात पाण्यात घातला, बोटांत कोळंबीचा एक तुकडा. ती नुसती थांबली. कुंडीपाशी हालचाल झाली. टेंगळ्या मागे बघावं तसा एकदा वळला, मग संथपणे पुढे आला, एखादा म्हातारा माणूस घरातल्या घरात फिरतो तसा, आणि वहिनीच्या बोटांतून तुकडा घेऊन तिथंच, काचेला अंग लावून, चघळत राहिला.

त्याचं तोंड पहिल्या ठिपक्यावर होतं. शेपूट शेवटच्या ठिपक्याच्याही पुढे गेली होती, पट्टी संपली होती आणि मासा उरला होता.

ताई बघत राहिली. दुसऱ्या कुणाला समजायला वेळ लागला असता, तिला लागला नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजताना पट्टी त्याच्या कपाळाला टेकवावी लागते. पट्टी डोळ्यांपासून लांब, आपल्या बाजूला धरली की अंतर कमी भरतं आणि चष्मा वाया जातो. इतक्या वर्षांत तिच्या हातून असा एक चष्मा वाया गेला नव्हता. आणि घरी, रोज संध्याकाळी, पट्टी काचेच्या अलीकडे आणि मासा टाकीच्या पार पलीकडे ठेवून ती त्याचं माप घेत होती. मासा वाढत गेला तसा भिऊन मागे सरकत गेला. जितका वाढला तितका लांब गेला, आणि ठिपका तोच राहिला.

त्याच्या कपाळावर, डोळ्यांच्या वर, एक फुगवटा होता. लहानसाच, पण होता. लांबून तो कधी दिसलाच नसता.

"म्हणजे वाढलाय की," भाऊ म्हणाला, आणि परत म्हणाला, "चांगलाच वाढलाय."

सुतार खाली बसला. टेंगळ्या वळायला गेला तर त्याची शेपूट मागच्या काचेला आणि नाक पुढच्या काचेला लागत होतं. सुतार म्हणाला, आता तर ही टाकी त्याला पुरायची नाही, बोळात बस वळवावी तसा वळतोय बघा, अजून वाढला की अडकेल.

एवढ्या लाजेतही ताईच्या मनातल्या शंकेने मान वर काढलीच. वाढत नव्हता म्हणून न्यायचा होता, आता वाढला म्हणून न्यायचा, असं ती म्हणाली. म्हणजे कसंही करून त्याचं जाणं ठरलेलंच. सुतार हसला. मला कारण माहीत नाही हो, म्हणाला, वहिनींनी फोन केला, मासा न्याल का म्हणून, मी हो म्हटलं.

ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनी टॉवेलला हात पुसत होती, एक एक बोट.

"तू बोलावलंस याला? तुझ्या हातातून खातो तो. आणि तूच?"

"मीच." वहिनीने टॉवेलची घडी घातली, ती विस्कटली, परत घातली. "तो इथं राहिला तर तुम्ही रोज संध्याकाळी त्याला मोजणार, आणि त्याच्या मापानं मला. मला त्याचा कंटाळा नाही आला, ताई. मोजून घ्यायचा आला. दुसरं घर बघायला लागले होते मी, तुमच्या भावाला न सांगता. मग वाटलं, घर कशाला सोडायचं, मला इथं राहायचंय. तर म्हटलं, मासा जाऊ दे."

भावाने चमकून तिच्याकडे बघितलं. दलालाचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

चुकलं म्हणणं ताईला कधी जमलं नव्हतं. ती उठली. गुडघे दुखत होते, टाकीचा काठ धरून उठली. टेंगळ्या झटकन मागे सरकला, कुंडीत शिरला, आणि तिला ते दिसलं. वहिनीलाही दिसलं.

"तू सांग," ताई म्हणाली. "ठेवायचा की द्यायचा, तू म्हणशील ते."

वहिनीने टाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "देऊया."

त्याबरोबर ताईच्या मनात प्रश्नांची गर्दी झाली. एवढं सगळं कळल्यावरही देऊया का म्हणतेय? आता तर मी मोजणार नाही. म्हणजे मोजण्याचं निमित्त होतं का? दलालाला नाही म्हणून सांगितलंय की नाही? मासा गेल्यावर ही जाणार नाही कशावरून? यातला एकेक प्रश्न ती याआधी आठवडाभर पाळून मोठा करत असे. आज तिने सुताराचा टब उचलला आणि वहिनीपुढे ठेवला.

"मग तूच काढ त्याला," ती म्हणाली. "माझ्या हाताला तो यायचा नाही."

सुताराच्या गाडीत मागे दोघी बसल्या. टब वहिनीच्या मांडीवर होता. खड्डा आला की पाणी झाकणाखालून बाहेर यायचं आणि ताईचे कपडे भिजायचे. ताई सरकली नाही. वहिनीचा हात सगळी वाट झाकणावर होता. भाऊ पुढे बसला होता आणि सुतार त्याला लाकडाला वाळवी कशी लागते ते सांगत होता, आणि भाऊ गरज नसताना हो हो म्हणत होता.

सुताराच्या घरी एक सबंध भिंत पाण्याची होती. आत मोठाले दगड, आणि दगडांच्या मधून पट्ट्यापट्ट्यांचे मासे, कपाळांवर गोळे घेऊन, कुठंच जायची घाई नसल्यासारखे. सुताराने टबातलं पाणी थोडं थोडं बदललं, मग वहिनीने टब तिरका केला. टेंगळ्या निसटला, तळाशी गेला, आणि दगडांमागे दिसेनासा झाला. त्यांच्यातला एक मोठा मासा त्याच्याकडे तोंड करून थांबला. चांगल्यासाठी की वाईटासाठी, ताईला कळेना.

वहिनी खाली बसली. काचेपासून हातभर लांब, हात मांडीवर. ताई तिच्या मागे उभी राहिली. तिथून दगडच दिसत होते. तिचे गुडघे वाकायला लागले, सवयीने, आणि तिने ते सरळ केले.

"दिसतोय का?" तिने विचारलं.

"दिसतोय."

"कसा आहे?"

वहिनीने मान तिरकी करून दगडांमागे बघितलं. "बरा आहे," म्हणाली. "दुसरा एक त्याच्याजवळ गेलाय. काही करत नाही."

"बरं," ताई म्हणाली, आणि उभीच राहिली.